हेडफोनपासून हेडफोनपर्यंत : व्हॉल्व्हच्या अदलाबदलीचा इतिहास

हेडफोन आणि निर्वात नळी यांची जोडी घरगुती लाउडस्पीकरपेक्षा जुनी आहे. नथॅनिएल बाल्डविन यांनी अमेरिकेतल्या यूटामध्ये बनवलेले संवेदनशील हेडफोन १९१० च्या सुमारास अमेरिकी नौदलाने घ्यायला सुरुवात केली. जहाजांवरचे तारायंत्री आणि घरी प्रयोग करणारे हौशी लोक त्याच काळात काचेच्या एका नव्या ‘दिव्या’ला कान लावून बसू लागले होते. शंभर वर्षांनंतर ही जोडी पुन्हा एकत्र आली आहे. लिहिण्याच्या टेबलावर मावेल एवढा ॲम्प्लिफायर, त्याच्या माथ्यावर मंद नारिंगी उजेड देणाऱ्या दोन-तीन नळ्या आणि त्याला जोडलेला हेडफोन, असे तिचे आजचे रूप आहे.

या दोन टोकांच्या मधल्या काळात नळी बदलण्याचे काम तीन अवस्थांतून गेले. आधी तो नाइलाज होता, मग दुरुस्तीचा धंदा झाला आणि आता ती ऐकणाऱ्याची निवड झाली आहे. तिन्ही अवस्थांच्या मुळाशी एकच साधी गोष्ट आहे. निर्वात नळी यंत्रात डाग देऊन पक्की केलेली नसते, ती खोबणीत बसवलेली असते. ती झिजणार आणि वापरणारा ती काढून दुसरी लावणार, हे बनवणाऱ्याने पहिल्यापासूनच धरलेले असते. तिची निगा आणि तिची अदलाबदल या दोन्ही गोष्टी त्या खोबणीतून निघाल्या.

दिव्यातून निघालेला व्हॉल्व्ह

विजेच्या दिव्यात तापलेल्या तंतूपासून पोकळीतून जवळच्या धातूच्या पट्टीकडे वीज वाहते, हे एडिसन यांच्या प्रयोगशाळेत १८८० च्या दशकात दिसून आले होते. इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये त्याचा उपयोग बिनतारी संदेश पकडण्यासाठी केला. त्यांच्या नळीतून वीज एकाच दिशेने जाई, म्हणून पाण्याच्या झडपेवरून तिला ‘व्हॉल्व्ह’ म्हटले गेले. इंग्रजी अमलाबरोबर हा शब्द भारतात आला आणि मराठीत आजही ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ असेच म्हणतात. अमेरिकेत त्याच वस्तूला ‘ट्यूब’ हे नाव पडले. मराठी शास्त्रीय लेखनात ‘निर्वात नलिका’ आणि ‘इलेक्ट्रॉन नलिका’ हे शब्द रूढ झाले.

अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ च्या अखेरीस तंतू आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची जाळी घातली आणि ही नळी ‘ऑडिऑन’ या नावाने ओळखली गेली. जाळीवरचा किंचितसा विद्युत्‌दाब बदलला की तंतूकडून पट्टीकडे जाणारा मोठा प्रवाह त्याच तालात कमीजास्त होतो. लहान संकेतावरून मोठा संकेत घडवण्याची ही युक्ती म्हणजेच विवर्धन. पुढच्या काळातल्या सगळ्या व्हॉल्व्हची रचना याच तत्त्वावर उभी राहिली. तंतूऐवजी पुढे कॅथोड आणि त्याला तापवणारा वेगळा हीटर आला, पट्टीला प्लेट म्हणू लागले आणि जाळी ‘ग्रिड’ झाली.

सुरुवातीच्या ऑडिऑनमध्ये बरीच हवा शिल्लक राही. त्यामुळे एकाच घडणीच्या दोन नळ्या सारख्या चालत नसत. हौशी लोक दोन-तीन नळ्या आलटूनपालटून लावून बघत आणि ज्या नळीतून हेडफोनमध्ये दूरचा संदेश स्पष्ट उमटे ती ठेवून घेत. तंतूही लवकर जळत, म्हणून काही ऑडिऑनमध्ये दोन तंतू बसवलेले असत. एक गेला की जोडणी दुसऱ्यावर घ्यायची. व्हॉल्व्ह पारखून निवडणे आणि त्याचे आयुष्य लांबवणे या दोन्ही सवयी व्हॉल्व्हइतक्याच जुन्या आहेत.

१९१२-१३ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचे हॅरल्ड अर्नोल्ड आणि जनरल इलेक्ट्रिकचे अर्व्हिंग लँगम्यूर यांनी नळीतली हवा जवळजवळ पूर्ण काढण्याचे तंत्र बसवले. मग व्हॉल्व्ह भरवशाचे झाले. जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सान फ्रान्सिस्को ही दूरध्वनीची वाट व्हॉल्व्हच्या बळावर खुली झाली आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ‘टीएम’ नावाच्या नळ्या मोठ्या संख्येने तयार झाल्या.

तंतू जपण्याची कला

१९२० च्या दशकात रेडिओ घरात आला तेव्हा व्हॉल्व्ह ही त्यातली सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक वस्तू होती. सेटच्या पुढच्या बाजूला तंतूचा प्रवाह कमीजास्त करण्याचे बटण असे. आवाज पुरेसा आला की ते मागे घ्यायचे, म्हणजे तंतू कमी तापेल आणि जास्त टिकेल, असा प्रघात होता. नुसत्या टंगस्टनच्या तंतूला प्रवाहही फार लागे. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या ‘यूव्ही-२०१’ला १ अँपिअर लागे. टंगस्टनमध्ये थोरियम मिसळून बनवलेल्या ‘यूव्ही-२०१ए’चे काम पाव अँपिअरवर भागू लागले. थोरियमच्या तंतूचा आणखी एक गुण होता. तो मंदावला तर काही क्षण जास्त दाब देऊन, आतला थोरियम पुन्हा पृष्ठभागावर आणून त्याला उजाळा देता येई. दुकानदार त्यासाठी खास उपकरण ठेवत.

२३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले तो हाच काळ. साध्या स्फटिकाच्या सेटवर ऐकणाऱ्याला हेडफोनशिवाय पर्याय नव्हता. ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे सेट होते ते लाउडस्पीकरकडे वळले आणि पुढची तीस-चाळीस वर्षे हेडफोन तारायंत्री, वैमानिक आणि स्टुडिओतले तंत्रज्ञ यांच्यापुरता उरला.

खोबणी, किल्ली आणि नावे

घराघरातल्या अदलाबदलीला शिस्त आली ती खोबणी एकसारख्या झाल्यामुळे. १९३५ मध्ये अमेरिकेत आठ पायांची ‘ऑक्टल’ बैठक आली. तिच्या मधोमध एक जाड खुंट आणि त्या खुंटाला एका बाजूला उभी कड, म्हणजेच किल्ली, असते. ती खोबणीतल्या खाचेत बसली तरच व्हॉल्व्ह खाली जातो, त्यामुळे अंधारात चाचपूनही तो चुकीचा लागत नाही. १९४० च्या सुमारास सात पायांचे आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ पायांचे छोटे, पूर्ण काचेचे व्हॉल्व्ह आले. त्यांत खुंट नसतो. पाय वर्तुळात असतात आणि एका जागी जास्त मोकळी फट सोडलेली असते.

नावांनाही पद्धत आली. अमेरिकी नावातला पहिला आकडा बहुधा हीटरचा दाब सांगतो. ‘६एसएन७’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. हा विचित्र वाटणारा आकडा मोटारीतून आला. शिसे-आम्लाच्या बॅटरीचे एक घर सुमारे २.१ व्होल्टचे असते आणि तीन घरांचे ६.३ होतात. युरोपी पद्धतीत ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट आणि ‘सी’ म्हणजे ट्रायोड, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट अशा तीन भागांची रचना. ‘ईसीसी८८’ या नावातच एका काचेत दोन ट्रायोड आहेत हे लिहिलेले असते. अक्षरे आणि आकडे उलटसुलट करून ‘ई८८सीसी’ लिहिले की तो खास दर्जाचा, दीर्घ आयुष्याचा नग समजायचा. फिलिप्स अशा नगांसाठी १०,००० तासांचे आयुष्य धरत असे.

दुरुस्तीचा धंदा

महाराष्ट्रात मर्फी, फिलिप्स, नॅशनल एको अशा नावांचे सेट घरोघर आले तेव्हा रेडिओची प्रतिष्ठा व्हॉल्व्हच्या संख्येवर मोजली जाई. ‘पाच व्हॉल्व्हचा सेट’ म्हणजे घरचे बरे चालले आहे, असा त्याचा अर्थ होता. युद्धानंतरच्या युरोपी घडणीच्या सेटमध्ये ईसीएच८१, ईबीएफ८९, ईएल८४, ईझेड८० ही नावे पुन्हा पुन्हा भेटत. स्टेशन नीट लागले आहे की नाही हे दाखवणारा हिरवा डोळा हाही एक व्हॉल्व्हच होता.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर ही सुट्या भागांची ठिकाणे झाली. मेकॅनिक सेटची पाठ उघडे, कोणता हीटर पेटत नाही ते बघे, पेन्सिलीने एकेका काचेवर हलकेच टिचकी मारी आणि कुठल्या टिचकीला स्पीकर खणखणतो ते ऐके. संशय आला की दुकानातला चांगला व्हॉल्व्ह त्या जागी लावून बघे. आवाज परत आला तर निदान पक्के. आज हेडफोनवर ऐकणारा अदलाबदल करताना हीच कृती करतो. फरक इतकाच की मेकॅनिक मेलेल्याच्या जागी जिवंत व्हॉल्व्ह लावत होता, आजचा श्रोता दोन जिवंत व्हॉल्व्हमधून एक निवडतो.

परदेशी चलन वाचवण्यासाठी व्हॉल्व्ह देशात होणे गरजेचे होते. १९५४ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये रेडिओ व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले. दुरुस्तीच्या दुकानांतून खोक्यात पडून राहिलेले ‘बीईएल’ छापाचे नग आता हेडफोनच्या शौकिनांपर्यंत पोचतात.

संगणकांनी दिलेले धडे

व्हॉल्व्हची निगा शास्त्रशुद्ध झाली ती मात्र रेडिओमुळे नव्हे. जिथे हजारो व्हॉल्व्ह एकत्र चालायचे होते तिथे ती झाली.

ब्रिटिश टपाल खात्याचे अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी ‘कोलॉसस’ हे यंत्र उभारले. पहिल्या यंत्रात सुमारे १,६०० व्हॉल्व्ह होते आणि ते १९४४ च्या सुरुवातीला कामाला लागले. इतके व्हॉल्व्ह एकत्र चालणारच नाहीत, अशी शंका घेतली गेली होती. फ्लॉवर्स यांना टेलिफोन एक्स्चेंजमधला अनुभव होता. व्हॉल्व्ह सतत चालू ठेवला तर क्वचितच जातो, त्याला मारते ती चालू-बंद होताना होणारी तापण्या-निवण्याची ओढाताण, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून यंत्र बंदच करायचे नाही असे ठरले.

अमेरिकेतल्या ‘एनिॲक’ या संगणकात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. तिथेही हाच अनुभव आला. हीटर सतत तापते ठेवले आणि नग मर्यादेच्या पुष्कळ खाली चालवले, तेव्हा बिघाड दोन दिवसांत एखाद्यावर आला. एनिॲकच्या मोजणीच्या फळ्यांत ज्या जातीचे व्हॉल्व्ह भरलेले होते ती ६एसएन७ ही जात आज हेडफोन ॲम्प्लिफायरमध्ये सर्वांत आवडीने वापरली जाते.

तिसरा धडा एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकाने दिला. हीटर तापलेला आहे पण प्लेटकडे प्रवाह जात नाही, अशा स्थितीत व्हॉल्व्ह फार काळ राहिला तर तो निकामी होत जातो, असे दिसले. कॅथोडच्या निकेलमध्ये असलेल्या सिलिकॉनमुळे पृष्ठभागाखाली विजेला अडवणारा थर साचतो, हे त्याचे कारण निघाले. उपाय म्हणून सिलिकॉनविरहित निकेलचे खास व्हॉल्व्ह बनवले गेले. तिथेच मुद्दाम दाब थोडा खालीवर करून, मरायला टेकलेले नग आधीच हुडकून काढण्याची रीतही बसली. वरवर विरोधी वाटणारे हे धडे एकत्र ठेवले की आजचा नियम तयार होतो. व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद करू नयेत, आणि उगाच तासन्‌तास तापतही ठेवू नयेत. ऐकायला बसताना लावावे आणि बैठक संपली की बंद करावे.

अडगळ आणि साठे

डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत व्हॉल्व्ह रेडिओतून, टीव्हीतून आणि संगणकातून बाहेर पडला. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत औषधांच्या दुकानांतही व्हॉल्व्ह तपासणीचे यंत्र असे. लोक घरच्या टीव्हीतले नग पिशवीत घालून आणत, यंत्रावर तपासत आणि खराब निघालेल्याच्या जागी खालच्या कपाटातून नवा घेत. ती यंत्रेही हळूहळू गेली. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा मुलार्ड, हॉलंडमधल्या हेर्लेनचा फिलिप्स, जर्मनीतला टेलिफुंकेन, अमेरिकेतले आरसीए, सिल्व्हेनिया आणि टंग-सॉल यांचे व्हॉल्व्हचे कारखाने एकामागून एक थंडावले. न वापरलेले नग गोदामांत, लष्करी भांडारांत आणि दुरुस्तीच्या दुकानांच्या फळ्यांवर तसेच पडून राहिले. ‘नवा पण जुना माल’ ही आजच्या बाजारातली वर्गवारी या साठ्यांतून आली.

सोव्हिएत संघात मात्र लष्करासाठी व्हॉल्व्ह बनत राहिले. सप्टेंबर १९७६ मध्ये व्हिक्टर बेलेन्को हा वैमानिक आपले मिग-२५ विमान घेऊन जपानमधल्या हाकोदातेला उतरला. विमान उघडून पाहिले तेव्हा त्यातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह भरलेले होते. १९९१ नंतर तिथले साठे जगाच्या बाजारात आले. ६एसएन७च्या जागी चालणारा ६एन८एस, ६एएस७च्या जागी चालणारा ६एन१३एस आणि ईसीसी८८च्या जागी चालणारा ६एन२३पी ही नावे पश्चिमेतल्या श्रोत्यांना तेव्हापासून परिचयाची झाली.

हेडफोनकडे परत

संगीतासाठी हेडफोन लोकप्रिय केला तो जॉन कॉस यांनी. १९५८ मध्ये त्यांनी मिलवॉकीत स्टिरिओ हेडफोन आणला. जपानच्या स्टॅक्सने १९६० मध्ये स्थिरविद्युत तत्त्वावरचा हेडफोन बाजारात आणला. त्याच्या पातळ पडद्याला शेकडो व्होल्टचा संकेत लागतो आणि उंच दाबावर सहज काम करणारा व्हॉल्व्ह त्यासाठी फार सोयीचा ठरला. या वाटेचे टोक जर्मनीच्या सेनहायझरने १९९१ मध्ये ‘ऑर्फियस’ या संचात गाठले. त्यातला ॲम्प्लिफायर व्हॉल्व्हचा होता आणि असे सुमारे ३०० संच तयार झाले.

सर्वसामान्य श्रोत्याची वाट वेगळी होती. व्हॉल्व्हला जास्त दाब आणि थोडा प्रवाह जमतो. ८ ओहमच्या स्पीकरला नेमके उलटे हवे असते, म्हणून मध्ये जड आणि महाग ट्रान्सफॉर्मर घालावा लागतो. न्यूयॉर्कच्या ज्युलियस फुटरमन यांनी १९५० च्या दशकात तो ट्रान्सफॉर्मर टाळणारी रचना मांडली, पण स्पीकरसाठी तिला पुष्कळ व्हॉल्व्ह लागत. हेडफोनच्या बाबतीत ही अडचण फारच हलकी झाली. सेनहायझरचा १९६८ चा एचडी ४१४ तब्बल २,००० ओहमचा होता आणि १९९७ चा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. एवढ्या रोधाला एक दणकट व्हॉल्व्ह थेट चालवू शकतो.

तो दणकट व्हॉल्व्ह म्हणजे ६एएस७ आणि त्याचा आटोपशीर भाऊ ६०८०. हे मुळात विद्युत्‌दाब स्थिर ठेवण्याच्या कामासाठी बनले होते, संगीतासाठी नव्हे. त्यांचे विवर्धन जेमतेम दुप्पट आणि हीटरलाच ६.३ व्होल्टवर अडीच अँपिअर, म्हणजे जवळजवळ १६ वॉट लागतात. पण त्यांचा अंतर्गत रोध फार कमी असतो आणि हेडफोनला तेच हवे असते. पुढे आवाज मोठा करायला ६एसएन७ किंवा १२एयू७ आणि मागे जोर द्यायला ६एएस७ किंवा ६०८०, ही जोडी या शतकात टेबलावरच्या ॲम्प्लिफायरची रूढ मांडणी झाली. अमेरिकेतल्या बॉटलहेडचा स्वतः जोडायचा ‘क्रॅक’ संच आणि चीनमधला डार्कव्हॉइस ३३६ ही तिची सर्वांत परिचित उदाहरणे.

या रचनेत सगळे मिळून दोनच व्हॉल्व्ह, तेही उघड्यावर, हाताच्या अंतरावर. पाठ उघडायला नको, पेचकस नको. मेकॅनिकचे काम श्रोत्याच्या हाती आले आणि व्हॉल्व्ह बदलून बदलून ऐकण्याचा ‘ट्यूब रोलिंग’ हा शौक जोमाने वाढला.

काय कशाच्या जागी चालते

अदलाबदलीत पहिली चूक होते ती खोबणी जुळली म्हणजे व्हॉल्व्ह जुळला, असे मानण्यात. १२एयू७चे विवर्धन सुमारे २० पट, १२एटी७चे ६० आणि १२एएक्स७चे १०० पट असते. तिन्हींची बैठक सारखीच असते. पण १२एएक्स७चा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने १२एयू७च्या जागी तो लावला की आवाज वाढला तरी जोर आटतो आणि ध्वनी विकृत होतो. ६एसएन७ आणि ७० पट विवर्धनाचा ६एसएल७ यांचेही तसेच.

दुसरी चूक हीटरच्या प्रवाहाची. ईसीसी८८ला ०.३६५ अँपिअर लागतात आणि ई८८सीसीला ०.३. पायांची जोडणी तीच असलेल्या रशियन ६एन१पीला मात्र ०.६ लागतात. तो लावला की आवाज येतो, पण ट्रान्सफॉर्मर तापत जातो. तिसरी बाब प्लेटच्या दाबाची. ईसीसी८८ची मर्यादा १३० व्होल्ट, ई८८सीसीची २२०. म्हणून पहिल्याच्या जागी दुसरा बहुधा निर्धास्त चालतो, दुसऱ्याच्या जागी पहिला चालेलच असे नाही.

फरक कुठून येतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. एकाच नावाच्या दोन कारखान्यांतल्या नळ्यांत जाळीचे वेढे, कॅथोडवरचा लेप आणि आतल्या भागांची पकड किंचित वेगळी असते. त्यातून विवर्धन, विकृती, घरघर आणि टिचकीला होणारा खणखणाट यांत मोजता येणारे फरक पडतात. हेडफोन कानाला चिकटलेला असल्यामुळे स्पीकरवर लपून जाणारी घरघर त्यावर उघडी पडते. तुलना करताना मात्र दोन्ही वेळी आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी लागते. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि जास्त विवर्धनाचा नग त्यामुळे विनाकारण बाजी मारतो.

काचेवरची अक्षरे

जुना नग ओळखायला छापील नाव पुरेसे नाही. कारखाने एकमेकांचा माल घेऊन स्वतःच्या नावाने विकत. अमेरिकी ‘ॲम्परेक्स’ छापाचा नग हॉलंडमध्ये, तर दुसऱ्याच एखाद्या छापाचा ब्लॅकबर्नमध्ये बनलेला सापडतो. छापाचा रंग पुसून नवा चढवणारेही आहेत. खरी ओळख काचेच्या बुडाजवळ कोरलेल्या फिकट खुणांत असते.

फिलिप्स समूहाच्या नगावर दोन ओळी असतात. वरची ओळ जात सांगते. खालच्या ओळीत पहिले कारखान्याचे चिन्ह, मग वर्षाचा शेवटचा आकडा, मग महिन्याचे अक्षर आणि शेवटी आठवडा. ‘बी४एफ२’ असे कोरलेले असेल तर ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न, ४ म्हणजे चारने संपणारे वर्ष, ‘एफ’ म्हणजे जून आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. छोटा त्रिकोण असेल तर माल हेर्लेनचा. ही अक्षरे समोरून दिसत नाहीत. काच तिरपी धरून, बाजूने उजेड पाडून, सावकाश फिरवली की ती राखाडी धुक्यासारखी वर येतात. दशक मात्र त्या आकड्यातून कळत नाही. ते आतल्या घडणीवरून ताडावे लागते. जर्मनीत टेलिफुंकेनच्या अनेक नगांच्या बुडाशी, पायांच्या मधोमध काचेतच चौकट ओतलेली असते. अमेरिकी लष्करासाठीच्या ६एसएन७वर ‘व्हीटी-२३१’ हा वेगळा क्रमांक आढळतो.

निगा

व्हॉल्व्ह काढताना ॲम्प्लिफायर बंद करून वायर भिंतीतून काढावी आणि काच पूर्ण निवू द्यावी. ६०८०ची काच चालू असताना बोट भाजेल इतकी तापते. ऑक्टल नग काचेला नव्हे तर बैठकीला धरून काढावा, नाहीतर जुनी काच बैठकीपासून सुटते. नऊ पायांचा नग सरळ वर ओढावा, किंचित गोल हलवत, वाकडा न करता. लावताना फट आणि खाच आधी जुळवावी, जोर नंतर लावावा. पाय वाकला असेल तर तो आधी सरळ करून घ्यावा, कारण तिथूनच काचेला तडा जातो. ॲम्प्लिफायरचे बूड उघडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात.

पायांवर काळपटपणा असेल तर स्पिरिट किंवा संपर्क साफ करणारे द्रव लावून पुसावे. खरखरीचे कारण पुष्कळदा व्हॉल्व्हमध्ये नसून या मळात असते. काचेवरचा छाप मात्र ओल्या कापडाने पुसू नये. जुनी शाई क्षणात निघून जाते आणि नगाची अर्धी ओळख तिच्याबरोबर जाते.

व्हॉल्व्हची तब्येत डोळ्यांनीही कळते. काचेच्या माथ्यावर किंवा बाजूला आरशासारखा चंदेरी डाग असतो, त्याला ‘गेटर’ म्हणतात. तो बहुधा बेरियमचा असतो आणि आत उरलेला वायू शोषून घेतो. तो पांढराफटक झाला तर आत हवा शिरली आहे आणि नग संपला आहे. काचेच्या आतल्या अंगाला दिसणारी निळी झाक निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत जांभळट-गुलाबी धुके दिसले तर तो वायूचा दोष. प्लेट लालभडक होऊ लागली तर एक क्षणही न थांबता वीज बंद करावी.

भारतात आणखी एक काळजी घ्यावी लागते. हीटरचा दाब साधारण दहा टक्क्यांच्या आत राहावा, अशी बहुतेक व्हॉल्व्हची अट असते. परदेशातून आणलेल्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टसाठी गुंडाळलेला असेल आणि भिंतीत २४० व्होल्ट येत असतील, तर ६.३च्या जागी सुमारे ६.९ व्होल्ट मिळतात, म्हणजे मर्यादा जवळजवळ गाठली जाते. २५३ व्होल्टला तो आकडा ७.२च्या पुढे जातो. अशा घरात महागडा जुना नग घेण्याआधी दाब मोजणे आणि स्टॅबिलायझर लावणे जास्त उपयोगाचे.

आजचे कारखाने

व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. रशियात सारातोवमधला, न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या मालकीचा कारखाना, स्लोव्हाकियात चादत्सा इथला जेजे आणि चीनमधले काही, एवढ्यांवर बहुतेक बाजार चालतो. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३८ चा ३००बी हा व्हॉल्व्ह १९८८ मध्ये बंद पडून नंतर पुन्हा बनू लागला. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीमुळे सारातोवचा माल अडकला तेव्हा हा पुरवठा किती अरुंद वाटेने येतो ते सगळ्यांना कळले. जुने साठे तर पुन्हा भरून यायचे नाहीत.

म्हणून काढलेला जिवंत नग टाकून द्यायचा नसतो. तो त्याच्या मूळ खोक्यात, पाय वाकणार नाहीत अशा बेताने, कोरड्या जागी ठेवतात. खोक्याच्या झाकणावर पेन्सिलीने तो किती तास चालला आणि कोणत्या खोबणीत होता ते लिहितात. पुढे कधी तो पुन्हा लागला, किंवा दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्या दोन ओळी उपयोगी पडतात.